पाच जुलै की सात मे?

२०१७ च्या पावसाळ्यात प्रवेश अर्जाच्या वेबसाइटचं टेस्टिंग माझ्याकडे आलं, तेव्हा हातात एक एक्सेल शीट होती. खाली उतरत जाणाऱ्या १६० टेस्ट केसेस आणि आडवे चार रकाने: क्रोम, फायरफॉक्स, इंटरनेट एक्सप्लोरर ११ आणि सफारी. रिलीजच्या आधी प्रत्येक चौकटीत पास किंवा फेल लिहायचं. म्हणजे ६४० वेळा तोच अर्ज, तीच जन्मतारीख, तोच तालुका, तोच जातीचा दाखला, तीच फीची पावती. आम्ही दोघी जणी होतो. चार-पाच दिवस जायचे, आणि तिसऱ्या दिवसापासून डोळ्यांना जे दिसायला हवं तेच दिसायला लागायचं. समोर वेगळं काही असलं तरी.

अर्ज भरणारी मुलं पदवीच्या पहिल्या वर्षाला येणारी. बरीचशी सातारा, सांगली, सोलापूरकडच्या तालुक्यांतली. कुणी मोबाइलवर भरायचं, कुणी सायबर कॅफेत, कुणी कॉलेजच्या ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवर, जिथे एक्सप्लोररशिवाय दुसरं काही टाकलेलंच नसायचं. मी स्वतः कऱ्हाडची. बारावीनंतरचा माझा अर्ज मी कागदावर भरला होता. एक रकाना राहिला म्हणून खिडकीतल्या बाईंनी तो परत दिला आणि मी तिथंच भिंतीला कागद टेकवून तो पुरा केला. वेबसाइटला अशी खिडकी नसते. बटण दाबलं आणि काहीच झालं नाही, तर ते मूल पुन्हा दाबतं, पुन्हा दाबतं आणि शेवटी आपलंच काहीतरी चुकलं असं समजून उठतं. हे मला त्या शीटवर काम करताना सतत डोळ्यांपुढे असायचं.

हे काम आपोआप व्हावं, म्हणजे त्याचं ऑटोमेशन करावं, म्हणून २०१८ मध्ये मी सेलेनियम शिकायला घेतलं: स्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या सूचनांप्रमाणे ब्राउझर स्वतः चालवणारं टूल. जावा ही प्रोग्रामिंगची भाषा थोडीफार येत होती. सेलेनियमची सुरुवात २००४ मध्ये शिकागोत, थॉटवर्क्समध्ये काम करणाऱ्या जेसन हगिन्स यांनी केली. नावामागची गोष्ट मला तेव्हापासून आवडते: त्या काळी टेस्टिंगच्या बाजारात मर्क्युरी कंपनीचं महागडं सॉफ्टवेअर चालायचं, मर्क्युरी म्हणजे पारा, आणि पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियमचा उतारा चालतो असं म्हणतात. नंतर सायमन स्टुअर्ट यांचा वेबड्रायव्हर, म्हणजे स्क्रिप्टच्या सूचना ब्राउझरपर्यंत पोचवणारा भाग, त्यात मिसळला. मी शिकत होते त्याच वर्षी, जून २०१८ मध्ये, डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं वेबड्रायव्हरला अधिकृत मानक केलं. याचा अर्थ असा की क्रोम, फायरफॉक्स, सफारी या सगळ्यांनी आपापला ड्रायव्हर एकाच ठरलेल्या भाषेत बोलायला लावायचा. कागदावर वाचताना मला वाटलं, आता एकदा स्क्रिप्ट लिहायची आणि चारही ब्राउझरवर सोडून द्यायची.

पहिल्या महिन्यात लिहिलेल्या जवळजवळ सगळ्या स्क्रिप्ट मला टाकून द्याव्या लागल्या. बटण कुठे आहे हे मी पानाच्या मुळापासून मोजून सांगत होते: या डिव्हच्या (पानातल्या एका कप्प्याच्या) आतला तिसरा डिव्ह, त्यातला दुसरा, त्यातलं बटण. डेव्हलपरनं वर एक सूचनेची पट्टी घातली आणि सकाळी तीस टेस्ट लाल, म्हणजे फेल. साइट ठणठणीत होती. मी डेव्हलपरांच्या टेबलाशी जाऊन बसले आणि प्रत्येक महत्त्वाच्या बटणाला, रकान्याला टेस्टसाठी म्हणून वेगळं कायमचं नाव द्या अशी विनंती केली. त्यांना दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांनी पुढची कित्येक वर्षं वाचवली. ऑटोमेशन सुरू करणाऱ्या कुणालाही मी आजही आधी हेच सांगते. टूल कुठलं घ्यायचं त्याचा विचार मागाहून करा.

एक्सप्लोररनं वेगळाच घाम काढला. त्याचा ड्रायव्हर चालायचा तर झूम बरोबर १०० टक्के हवा, आणि सिक्युरिटीच्या सगळ्या झोनमध्ये प्रोटेक्टेड मोड एकसारखा हवा, चालू तर सगळीकडे चालू, बंद तर सगळीकडे बंद. ते जमवलं, तर ६४ बिटचा ड्रायव्हर पत्त्याच्या रकान्यात एकेक अक्षर टाकायला काही सेकंद घ्यायचा. मी स्क्रीनसमोर बसून बघत होते: 'मु.' आलं, मग थांबला, 'पो.' आलं, मग थांबला. एक अर्ज भरायला चहा पिऊन यावं इतका वेळ. ३२ बिटचा ड्रायव्हर लावल्यावर तो सरसर टाइप करायला लागला, तेव्हा शेजारचा डेव्हलपर खुर्चीवरून उठून बघायला आला होता.

मराठीमुळे जे अडलं, ते मला कुठल्याच ट्यूटोरियलमध्ये सापडलं नसतं. तालुक्यांच्या यादीतून 'कऱ्हाड' निवडायचं होतं, आणि टेस्ट म्हणायची की यादीत असं नावच नाही. यादीत तर समोर दिसत होतं! मी दोन्ही शब्द कॉपी करून एकाखाली एक ठेवले, डोळ्यांना तसूभर फरक नाही. मग युनिकोडचे आकडे, म्हणजे कॉम्प्युटर प्रत्येक अक्षर ज्या क्रमांकानं ओळखतो ते, काढून बघितले तेव्हा उलगडलं. आपला हा अर्धा र दोन वाटांनी लिहिता येतो: एक, नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त, दोन, साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा एक जोडणारा कॅरेक्टर. डेटाबेसमध्ये नाव दुसऱ्या पद्धतीनं भरलं होतं, माझ्या कीबोर्डवरून पहिल्या पद्धतीनं येत होतं. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकच अक्षर वेगवेगळ्या तऱ्हेनं लिहिलेलं एका रूपात आणणं, हे दोन्ही एक करत नाही, आम्हाला तेवढ्यासाठी वेगळा कोड लिहावा लागला. महत्त्वाचं हे की गोष्ट टेस्टपुरती नव्हती. तालुका शोधायच्या चौकटीत आमच्या गावचं एखादं मूल मोबाइलवरून 'कऱ्हाड' टाइप करत असेल, तर त्यालाही 'काही सापडलं नाही' असंच दिसत असणार. किती जणांनी तसं बघितलं असेल, कोण जाणे.

उलटंही झालं. रात्रीचे रन आम्ही लिनक्सच्या सर्व्हरवर, स्क्रीनशिवाय चालणाऱ्या क्रोमवर न्यायला लागलो. सगळं हिरवं. सहज म्हणून मी एक स्क्रीनशॉट उघडला, तर अर्जावर अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटीच चौकटी. सर्व्हरवर देवनागरीचा फॉन्टच नव्हता. टेस्ट पानाच्या आतला मजकूर वाचते, तो माणसाला वाचता येतोय का हे ती बघत नाही. फॉन्ट टाकला, काम झालं, पण त्या दिवसापासून रोज पाच-सहा स्क्रीनशॉट मी डोळ्यांनी बघते.

आता तारखेबद्दल. जन्मतारखेला आम्ही ब्राउझरचा स्वतःचा तारखेचा रकाना वापरला होता. क्रोममध्ये स्क्रिप्टनं तारीख टाकायची तर त्या मशीनच्या भाषेच्या सेटिंगप्रमाणे, आपल्याकडे आधी दिवस मग महिना. फायरफॉक्सला तीच तारीख वर्ष-महिना-दिवस अशी द्यावी लागायची. एक्सप्लोररला असा रकाना माहीतच नव्हता, म्हणून त्याच्यासाठी डेव्हलपरांनी वेगळं कॅलेंडर जोडलं होतं. आणि मॅकवरची सफारी? तिच्यातही तेव्हा हा रकाना नव्हता. तो २०२१ मध्ये, सफारी १४.१ मध्ये आला. तोपर्यंत सफारी तिथे एक साधी चौकट दाखवायची, ज्यात काहीही टाइप करता येईल. आम्ही बाजूला 'दिवस/महिना/वर्ष' असं लिहून ठेवलं होतं आणि समाधान मानलं होतं. टेस्टसाठी मी एक छोटं फंक्शन लिहिलं, जे ब्राउझर बघून तारीख त्या-त्या पद्धतीनं टाकायचं. तारीख कुठली? आजपासून बरोबर १८ वर्षं मागची, म्हणजे दिवस आणि महिना रनच्या दिवसाचेच.

सफारीची टेस्ट ऑफिसच्या कोपऱ्यातल्या एका मॅक मिनीवर चालायची. ॲपल सफारीचा ड्रायव्हर सोबतच देतं, फक्त डेव्हलप मेनूत जाऊन परवानगी द्यायची. टेस्ट चालू असली की त्या खिडकीची पत्त्याची पट्टी नारिंगी होते आणि खिडकीवर एक अदृश्य काच येते, म्हणजे चुकून कुणाचा माउस लागला तर लगेच विचारलं जातं, टेस्ट चालू ठेवू की थांबवू. एका वेळी एकच सेशन. मशीन मध्येच झोपी जायचं, अपडेट यायचे. कुणी टेबल पुसताना माउस हलायचा आणि रात्रीचा रन त्या प्रश्नापाशी सकाळपर्यंत ताटकळत बसायचा. त्यामुळे सफारीचा रकाना वरचेवर लाल असायचा, आणि सकाळच्या मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणायचं, "सफारी आहे, चालायचंच." मग पुन्हा रन मारायचा. कधी हिरवा व्हायचा, कधी नाही.

हे वाक्य मीही म्हटलेलं आहे. ऑटोमेशनमध्ये खरा धोका इथे असतो, असं माझं आता पक्कं मत आहे. टेस्ट कमी असल्या तरी चालेल, हळू असल्या तरी चालेल, पण लाल दिसल्यावर माणसाला काळजी वाटली पाहिजे. ती वाटायची थांबली की हजार टेस्ट असून उपयोग नाही.

जुलै २०१९ मध्ये सपोर्टवाल्यांकडून एक तक्रार आली. कागदपत्रं तपासायच्या टेबलावरून एका मुलीला परत पाठवलं होतं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख ५ जुलै, अर्जावर ७ मे. डेव्हलपरनं शेरा मारला: अर्जदाराची टायपिंगची चूक. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं. तरी मी तिच्या वडिलांना फोन लावला.

"मॅडम, आम्ही बरोबरच टाकलं होतं," ते म्हणाले. "तिच्या मामानं मुंबईहून त्याच्या लॅपटॉपवर भरलाय अर्ज. तो दोनदा बघतो सगळं. पोरीची तारीख कोण चुकवेल?"

आवाजात राग नव्हता, नुसती दमणूक होती. ते तालुक्याहून एसटीनं आले होते आणि दुसऱ्या दिवशी परत यायचं का, एवढंच विचारत होते.

मी लॉग, म्हणजे वेबसाइटवरच्या हालचालींची नोंद, काढला. मामांचा लॅपटॉप मॅकचा होता आणि ब्राउझर सफारी. मग मी जेनकिन्समध्ये, म्हणजे आमचे रन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, सफारीच्या जन्मतारखेच्या टेस्टचा मागचा इतिहास उघडला आणि लाल रनच्या तारखा वहीत लिहायला घेतल्या. मार्च: १, २, मग ४ ते १२. एप्रिल: १ ते ३, मग ५ ते १२. मे, जून, तसंच. १३ तारखेनंतर महिनाअखेरपर्यंत ही टेस्ट हिरवी. आणि पहिल्या बारा दिवसांत एकेकच हिरवा दिवस: ३ मार्च, ४ एप्रिल, ५ मे, ६ जून. दिवस आणि महिना सारखे असलेले दिवस. वहीकडे बघताना माझ्या पोटात खड्डा पडला.

आमचा कोड असा होता. चौकटीतला मजकूर तो आधी महिना मग दिवस असा अमेरिकन पद्धतीनं वाचायचा. जावास्क्रिप्टला तिरक्या रेघांची तारीख दिली की ती तशीच वाचली जाते. पहिला आकडा बारापेक्षा मोठा निघाला, तर तो महिना असूच शकत नाही म्हणून आमचा कोड अदलाबदल करून घ्यायचा. कुणीतरी चांगल्या हेतूनं केलेली ती सोय होती. त्यामुळे २५/०६ बरोबर जायचं आणि ०५/०७ गुपचूप ७ मे व्हायचं. आम्ही हातानं टेस्ट करताना कायम एकच तारीख टाकायचो, १५/०८/२०००. ती बोटांत बसलेली होती. पंधरा बारापेक्षा मोठे, त्यामुळे दोन वर्षांत एकदाही काही दिसलं नाही.

आणि टेस्टनं तर सांगितलं होतं. चार महिने, दर महिन्याला अकरा दिवस, ती सांगत होती: हवी होती ही तारीख, मिळाली ती तारीख. मार्चमधल्या एका लाल रनपुढे माझाच शेरा होता: 'स्क्रिप्टचा प्रॉब्लेम, तारखेचा फॉरमॅट, नंतर बघू.' क्रोम आणि फायरफॉक्समध्ये तारखेच्या फॉरमॅटशी इतकी झटापट केली होती, की सफारीतही चूक माझ्याच फंक्शनची असणार असं मी धरून चालले. १३ तारखेला टेस्ट हिरवी झाली की विषय मागे पडायचा.

मॅकच्या सफारीवरून आलेले आणि जन्मदिवस १ ते १२ मधला असलेले अर्ज शोधले. १९ निघाले. त्यातला एक ८ ऑगस्टचा, तो आपोआप बरोबर होता. मुलांनी मुळात काय टाइप केलं ते आम्ही साठवत नव्हतो, म्हणून उरलेल्या अठरा घरी मी स्वतः फोन केले आणि दाखल्यावरची तारीख विचारून घेतली. चूक आमच्याकडून झाली आहे, हे प्रत्येकाला सांगितलं. तसं लेखी पत्र दिल्यावर संस्थेनं अर्ज दुरुस्त करून दिले. त्या मुलीची पहिल्या फेरीतली जागा मात्र तोवर गेली होती. दुसऱ्या फेरीत तिला प्रवेश मिळाला, पण हवं होतं त्या कॉलेजात नाही. तिच्या वडिलांनी मला फोन करून ते कळवलं आणि वर आभार मानले. मला काय बोलावं ते सुचलं नाही.

दुरुस्ती एका दिवसाची होती: दिवस, महिना, वर्ष असे तीन वेगळे रकाने, महिन्याचं नाव अक्षरात. मला जास्त वेळ लागला तो टेस्ट सुधारायला. सगळ्या स्क्रिप्टमधून मी पाच-पाच सेकंद नुसतं थांबायच्या ओळी काढल्या आणि 'पावती दिसेपर्यंत थांब', 'बटण दाबता येईल तोवर थांब' अशा नेमक्या अटी घातल्या. पुन्हा रन मारायचा असेल तर आधी कारण लिहायचं, आणि 'फ्लेकी' (कारण नसताना कधी पास, कधी फेल) हा शब्द कारण म्हणून चालणार नाही, असं टीममध्ये ठरवून घेतलं. ज्या टेस्टवर भरवसा नाही ती वेगळी काढून ठेवायची आणि आठवड्याच्या आत दुरुस्त करायची, नाही तर पुसून टाकायची. असं केल्यावर २१० पैकी १४६ टेस्ट उरल्या. लीड सरांना आकडा घटलेला आवडला नाही. मी त्यांना वही दाखवली.

पुढे गोष्टी सोप्या होत गेल्या. जून २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं एक्सप्लोररला निरोप दिला आणि आम्ही तो रकाना बंद केला. क्रोम रात्रीत अपडेट होऊन सकाळी ड्रायव्हर जुना पडायचा, 'सेशन नॉट क्रिएटेड' म्हणत सगळा रन आडवा व्हायचा, ती कटकट सेलेनियम ४.६ पासून गेली, कारण योग्य ड्रायव्हर ते स्वतःच आणतं. नवीन स्क्रिप्ट आता आम्ही प्लेराइट या दुसऱ्या टूलमध्ये लिहितो. बटण तयार होईपर्यंत ते आपणहून थांबतं आणि क्रोमियम (क्रोमचा गाभा), फायरफॉक्स, वेबकिट तिन्हींवर चालतं. पण प्लेराइटचं वेबकिट म्हणजे हुबेहूब सफारी नव्हे. सफारीचं इंजिन तेच असलं, तरी लिनक्सवर चालताना फॉन्ट वेगळे आणि आजूबाजूची यंत्रणाही वेगळी. म्हणून कोपऱ्यातला मॅक मिनी मी काढू दिलेला नाही. त्यावर रोज रात्री खरी सफारी उघडते. आणि आयफोन वेगळाच: तिथे खालचं 'अर्ज जमा करा' बटण सफारीच्या पट्टीमागे जायचं, कारण पूर्ण उंची मोजताना ब्राउझर पट्टी धरतच नव्हता. ते हातात फोन घेतल्यावरच दिसलं.

गेल्या महिन्यात टीममध्ये एक नवीन मुलगा आला, लातूरचा. रिलीजच्या आधी प्रत्येक ब्राउझरमध्ये एकदा तरी अर्ज हातानं भरायचा, हा नियम मी अजून ठेवला आहे. त्याला मॅक मिनीसमोर बसवलं. नाव टाकलं, आडनाव टाकलं, तालुका शोधून निवडला, आणि जन्मतारखेपाशी येऊन त्यानं न विचारता १५ निवडलं, मग महिन्यांच्या यादीत ऑगस्टवर गेला.

"थांब रे," मी म्हटलं. "पाच जुलै टाक."

"का मॅडम? काही वेगळं आहे का त्यात?"

मी ड्रॉवरमधून वही काढली आणि मार्चचं पान उघडून त्याच्यासमोर ठेवलं.